शांतता फेरीत चालावे कसे

वरातीत, दिंडीत, गणपतीच्या मिरवणुकीत किंवा निवडणुकीच्या विजयी फेरीत कसे चालावे, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. युद्धविरोधी फेरीचे तसे नाही. तिच्यात वाजंत्री नसते, गुलाल नसतो, शेवटी जेवण नसते आणि नवरदेवही नसल्यामुळे बघायचे कोणाकडे हे कळत नाही. त्यामुळे जिल्ह्याच्या गावांतून ६ ऑगस्टला हिरोशिमा दिनानिमित्त, किंवा जगात कुठे नवे युद्ध पेटले की अधूनमधून, ज्या फेऱ्या निघतात त्यांत पहिल्यांदा आलेला माणूस फार गांगरलेला असतो. हात कुठे ठेवावेत, घोषणा किती मोठ्याने द्यावी, ओळखीचे कोणी दिसले तर हसावे की जपानच्या आठवणीने गंभीर राहावे, असे अनेक तांत्रिक प्रश्न त्याला पडतात. ते सोडवण्याआधी ही फेरी कोणासाठी काढायची हे ठरवावे लागते. ते चुकले की पुढचे सगळे चुकते. आमच्या मते वॉशिंग्टन, मॉस्को किंवा दिल्लीला या फेरीशी काही कर्तव्य नसते आणि फेरीनेही त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. फेरी असते ती साताऱ्याच्या पोवई नाक्यावर किंवा कोल्हापूरच्या बिंदू चौकात दुकानाच्या पायरीवर उभे राहून पाहणाऱ्या आणि मनातून अजून तळ्यात-मळ्यात करणाऱ्या माणसासाठी. पुढच्या सर्व सूचना एवढ्या एका गृहीतकावरून निघतात.

सुरुवात परवानगीपासून करावी. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली जिल्ह्याजिल्ह्यांत वरचेवर एक आदेश निघतो. शस्त्रे, काठ्या, दगड, दाहक पदार्थ बाळगू नयेत. प्रतिमांचे प्रदर्शन करू नये. जाहीरपणे घोषणा देऊ नयेत, गाणी म्हणू नयेत, वाद्ये वाजवू नयेत. पाच किंवा अधिक माणसांनी विनापरवाना जमू नये. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २४ जानेवारी १९४६ रोजी आपला अगदी पहिला ठराव अण्वस्त्रांच्या उच्चाटनाच्या दिशेने संमत केला, आणि त्या फाइलीचा निकाल अजून लागायचा आहे. जिल्हादंडाधिकारी मात्र दर पंधरवड्याला एका सहीने अख्खा जिल्हा निःशस्त्र करतात. जागतिक शांतता चळवळीने या खात्याची अद्याप पुरेशी दखल घेतलेली नाही. इच्छुकाने आदेश वाचून घाबरू नये. राज्यघटनेच्या कलम १९ ने शांततेने आणि शस्त्राविना जमण्याचा हक्क दिलेला आहे. रस्त्यावरच्या सभांचे नियमन करता येते, पण परवानगी नाकारण्याचा बेलगाम अधिकार पोलिसांना देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने हिम्मतलाल शहा खटल्यात १९७२ साली सांगितलेले आहे. ठाण्यात जाताना हा निवाडा तोंडपाठ असावा आणि तोंडातच ठेवावा. अंमलदाराला मार्ग, वेळ, अंदाजे संख्या आणि भोंगा आहे की नाही एवढेच हवे असते. तारखेचाही हट्ट धरू नये. नागासाकीवर बॉम्ब पडला ९ ऑगस्टला, पण त्या दिवशी चौक क्रांतिदिन आणि आदिवासी दिनाला आधीच दिलेला असतो, म्हणून आपल्याकडे नागासाकीचे दुःख तीन दिवस अगोदर उरकावे लागते.

पायरीवरच्या माणसाला एवढे महत्त्व कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तरासाठी तुर्कस्तानात जावे लागेल. १ मार्च २००३ रोजी अंकाऱ्याच्या संसदेपुढे प्रस्ताव होता, की इराकवर उत्तरेकडून चढाई करण्यासाठी अमेरिकेच्या सुमारे ६२ हजार सैनिकांना तुर्की भूमीत उतरू द्यावे. सरकारकडे भक्कम बहुमत होते. अमेरिकेची जहाजे किनाऱ्याजवळ येऊन थांबली होती. कोट्यवधी डॉलरच्या मदतीचा सौदा बोलून झाला होता. त्याच दिवशी शहरात हजारो माणसे युद्धाविरुद्ध रस्त्यावर होती. मतदान झाले: बाजूने २६४, विरोधात २५०. आणि प्रस्ताव पडला! कारण १९ सदस्य तटस्थ राहिले, आणि हजर सदस्यांच्या निम्म्याहून अधिक मते मिळायला तीन कमी पडली. जगातल्या सर्वात बलाढ्य सैन्याला आपला आराखडा बदलावा लागला तो १९ तळ्यात-मळ्यातवाल्यांमुळे. आपल्याकडे तटस्थ माणसाची हेटाळणी करण्याची पद्धत आहे. चळवळीतली मंडळी तर त्याला शत्रूपेक्षाही खालची जागा देतात. हिशेब मात्र वेगळा आहे. युद्ध हवेच असलेला माणूस फेरी पाहून बदलत नाही, नको असलेल्याला बदलायचे नसते. हलण्यासारखा असतो तो पायरीवरचा, आणि त्याला आपल्या बाजूला पुरता ओढण्याचीही गरज नसते. त्याने हात वर केला नाही तरी बरेच काम होते.

यावरून पोशाखाचा प्रश्न सुटतो. फेरीला जाताना खादीचा झब्बा आणि खांद्याला झोळी, हा वेष टाळावा. त्यात वाईट काही नाही, पण तो पाहताच पायरीवरचा माणूस "ही ती मंडळी" म्हणून खाते बंद करतो. बँकेतल्या माणसाने बँकेत जातो तसेच यावे, शिंपिणीने गळ्यात टेप राहिली असेल तर राहू द्यावी, होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी स्कूटर चौकात दिसेल अशी लावावी. महानगरातल्या मोर्च्यात माणूस गर्दीत विरघळतो, आणि तेच त्याचे संरक्षण असते. १५ फेब्रुवारी २००३ रोजी रोममध्ये जमलेल्या जनसागराची नोंद गिनीज बुकाने ३० लाख अशी केली, पण त्यातला कोण कोणाचा कोण होता हे बघणाऱ्याला ठाऊक नव्हते. लहान शहरातल्या तीस जणांचे सगळेच ठाऊक असते: कोणाचा मुलगा कुठे नोकरीला आहे, कोणाचा वाद कोर्टात आहे, कोणी गेल्या वर्षी सोसायटीच्या सभेत काय बोलून ठेवले. इथे चालणाऱ्याला किंमत मोजावी लागते, गिऱ्हाईक दुरावते, मेहुणा टोमणे मारतो, साहेब दुसऱ्या दिवशी "काय नेते?" म्हणून हाक मारतो. ही किंमत बघणाऱ्यालाही कळत असते, आणि म्हणूनच त्याला ही गोष्ट खरी वाटते. गणिताचे मास्तर उगाच भर उन्हात चालणार नाहीत, असे त्याच्या मनात आले की फेरीचे निम्मे काम झाले. तेव्हा फलकाआड तोंड लपवू नये. ज्याला लपायचे असेल त्याने खुशाल रोमला जावे.

घोषणांबाबत मतभेद आहेत. एक पक्ष मूक फेरीचा पुरस्कर्ता आहे. पांढरे कपडे, हातात मेणबत्ती, तोंडावर मौन. दिसायला ती सुंदर दिसते, पण लहान शहरात मूक फेरीचा एकच अर्थ ठरलेला आहे, आणि पायरीवरून हमखास प्रश्न येतो, "कोण गेलं हो?" सहभागीने अशा वेळी ओशाळू नये. उत्तर तयार ठेवावे: हिरोशिमात १९४५ च्या अखेरपर्यंत अंदाजे १ लाख ४० हजार. विचारणारा क्षणभर गप्प होतो, आणि त्या गप्प होण्याचे मोल कुठल्याही घोषणेपेक्षा अधिक आहे. दुसरा पक्ष घोषणावाद्यांचा. त्यांना एवढेच सांगणे, की शांतता फेरीत कोणाच्याही नावापुढे "मुर्दाबाद" लावू नये. मरणाची इच्छा व्यक्त करायला दुसऱ्या फेऱ्या पुष्कळ आहेत. "युद्ध नको, बुद्ध हवा" जुनी झाली म्हणून नाक मुरडू नये. ती गावातल्या सगळ्यांना पाठ आहे हाच तिचा गुण. फलकावर चिन्हे काढताना मात्र सावध असावे. जेराल्ड होल्टम यांनी १९५८ साली ब्रिटनमधल्या अण्वस्त्रविरोधी मोर्च्यासाठी रेखाटलेले वर्तुळातले शांतिचिन्ह जगभर गेले, पण आपल्या चौकात त्याकडे मोटारीची जाहिरात म्हणून पाहिले जाण्याचा संभव मोठा. मराठीत, वितभर उंच अक्षरांत, पाच शब्द लिहावेत आणि ऱ्हस्वदीर्घ तपासून घ्यावे. पायरीवर निवृत्त मराठी शिक्षक उभे असतात आणि ते पहिल्यांदा वेलांटी पाहतात.

आता पाऊस. ६ ऑगस्ट म्हणजे ऐन पावसाळा, आणि फेरी रद्द होण्याचे सर्वमान्य कारण. हिरोशिमाच्या सादाको सासाकीच्या स्मरणार्थ शाळेतल्या मुलांनी घड्या घालून केलेले कागदी क्रौंच ओले होतील, मेणबत्त्या विझतील, भोंग्यात पाणी जाईल, सगळे खरे. पण पावसाचा एक अभ्यास झालेला आहे आणि तो आयोजकांनी डोळ्यांपुढे ठेवावा. अमेरिकेत १५ एप्रिल २००९ रोजी टी पार्टी नावाच्या उजव्या चळवळीने शेकडो ठिकाणी निदर्शने केली. कुठे पाऊस पडला, कुठे पडला नाही. चार अर्थशास्त्रज्ञांनी या योगायोगाचा उपयोग करून पाहिले की निदर्शनांनी काही फरक पडतो का, आणि २०१३ साली निष्कर्ष छापले. जिथे कोरडे होते तिथे माणसे जास्त आली, आणि पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत त्या भागांत त्या बाजूची मतेही जास्त पडली. चालायला आलेल्या एकेका जादा माणसामागे मिळालेली मते एकाहून कितीतरी अधिक होती. ती त्याची एकट्याची असणे शक्य नव्हते. ती त्याला पाहणाऱ्यांची आणि त्याच्याशी नंतर बोलणाऱ्यांची होती. चळवळ शांततेची नव्हती, हे मान्य. पण पायरीवरच्या माणसाबद्दलचे आमचे गृहीतक यापेक्षा स्वच्छपणे कोणी तपासलेले नाही. तात्पर्य, छत्री घेऊन जावे. काळ्या छत्र्यांची रांग पांढऱ्या कपड्यांपेक्षा लांबून जास्त दिसते, हा वरचा फायदा.

आता आक्षेप. पहिला आक्षेप घरातूनच निघतो: तुमच्या फेरीने युद्ध थांबणार आहे का? याला "हो" म्हणणारा सहभागी फार काळ टिकत नाही. १५ फेब्रुवारी २००३ ला जगभर सुमारे सहाशे शहरांत माणसे चालली. अध्यक्ष बुश यांनी त्या गर्दीची संभावना बाजार-पाहणीसाठी जमवलेल्या घोळक्यासारखी केली, आणि २० मार्चला हल्ला सुरू झाला. हिशेब इथे संपवला तर आक्षेप बिनतोड आहे. पण हिशेब इथे संपवण्याची घाई कोणाला आहे तेही पाहावे. १५ ऑक्टोबर १९६९ ला अमेरिकेत व्हिएतनाम युद्धाविरुद्ध देशव्यापी दिवस पाळला गेला. त्याचे वैशिष्ट्य असे की तो राजधानीपुरता नव्हता, गावोगावच्या चर्चांत, कॉलेजांत, चौकांत झाला. अध्यक्ष निक्सन यांनी आधीच जाहीर केले होते की अशा निदर्शनांचा आपल्यावर काडीचाही परिणाम होणार नाही. पुढे १९७८ साली आठवणी लिहिताना त्यांनीच नोंदवले, की उत्तर व्हिएतनामला आपण गुप्तपणे १ नोव्हेंबरची मुदत देऊन मोठ्या हल्ल्याची धमकी दिली होती आणि या निदर्शनांनी तिची धार गेली. तो हल्ला झाला नाही. त्या दिवशी आपल्या गावातल्या चौकात मेणबत्ती धरून उभ्या असलेल्या बाईला याचा पत्ताही नव्हता. ती बहुधा "काही उपयोग नाही" म्हणत घरी गेली असेल. युद्ध त्यानंतरही वर्षानुवर्षे चालले, हेही लपवू नये. न झालेल्या हल्ल्याची बातमी होत नाही, आणि उपयोग मोजायचा तर आधी बातमी लागते, अशी ही अडचण आहे.

दुसरा आक्षेप अधिक भारदस्त आहे, कारण तो न्यायासनावरूनही आलेला आहे: तिकडच्या युद्धाशी आपला संबंध काय? गाझातल्या संहाराविरुद्ध आझाद मैदानावर निदर्शने करू द्यावीत, ही मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाची याचिका २५ जुलै २०२५ रोजी फेटाळताना मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने विचारले, की आपल्या देशात कचरा, प्रदूषण, सांडपाणी, पूर असे प्रश्न पडलेले असताना हजारो मैलांवरचे कशाला पाहता. पुढच्याच महिन्यात आझाद मैदानावर ती निदर्शने झाली. कचऱ्याचा मुद्दा मात्र आम्ही पूर्णपणे मान्य करतो, आणि फेरीनंतर रस्त्यावर पाण्याच्या बाटल्या टाकू नयेत अशी सक्त सूचना देतो. संबंधाबाबत थोडे सांगितले पाहिजे. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, असे १४७ दिवस इराकमधल्या कुत या गावात जी फौज वेढ्यात उपाशी अडकली आणि शेवटी शरण गेली, तिचे नाव सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात मराठा पलटणी होत्या. सुमारे १३ हजार जण कैद झाले आणि त्यातले हजारो परत आले नाहीत. तेव्हा आमच्या खेड्यांत कोणी "हजारो मैलांवरचे आपल्याला काय" असे म्हणायला मोकळे नव्हते. माणसेच तिकडे नेलेली होती. २००३ साली अमेरिकेने भारताकडे इराकसाठी पुन्हा एक डिव्हिजन मागितली, आणि १४ जुलै २००३ ला वाजपेयी सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय ती देता येणार नाही असे कळवले. हे फेऱ्यांमुळे झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. संसदेचा ठराव, विरोधी पक्ष आणि समोर आलेल्या निवडणुका हे सगळे त्यात होते. पण लोकांना हे युद्ध नको आहे हे सरकारला कुठून तरी कळले होते, आणि लोक बोलल्याशिवाय ते कळण्याची सोय अजून निघालेली नाही. ज्यांना पलटणीचा इतिहास जुना वाटतो त्यांनी नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला विचारावे. येमेनच्या किनाऱ्यावरून जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर २०२४ च्या हंगामात युरोपला जाणारे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून गेले. तांबडा समुद्र कुठे आहे हे त्याला भूगोलाच्या मास्तरांपेक्षा नीट ठाऊक आहे.

सैनिकांचा अपमान होतो, हा तिसरा आक्षेप साधारणतः ज्यांच्या घरी कोणी सैन्यात नाही त्यांच्याकडून येतो. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात गेले. त्यांच्या नावाने गावात स्मारक आहे आणि आजही घराघरांतून माणसे भरतीला जातात. अशा गावात युद्ध म्हणजे काय यावर व्याख्यान देण्याची गरज नसते. फेरीच्या मार्गावर सैनिक कल्याण कार्यालय किंवा शहीद स्मारक येत असेल तर तो मार्ग टाळू नये; तिथे थांबावे, फूल वाहावे, आणि माजी सुभेदार मेजर सोबत चालायला तयार असतील तर त्यांना पुढे घ्यावे. ते बहुधा घोषणा देणार नाहीत. देण्याचा आग्रह करू नये.

खरा अवघड आक्षेप चौथा: तेव्हा कुठे होतात? शांततावादी आपल्या नावडत्या बाजूच्या बॉम्बविरुद्धच चालतात, असे हा आक्षेप सांगतो, आणि तो पुष्कळदा खरा असतो. शीतयुद्धात जागतिक शांतता परिषदेला अमेरिकेचे बॉम्ब जितके दिसत तितके रशियाचे रणगाडे दिसत नसत. आपल्याकडेही हिरोशिमाचे दुःख करणे सोपे होते तोवर सगळे पक्ष ते करीत. मे १९९८ मध्ये पोखरणला ११ आणि १३ तारखेला, आणि २८ ला पाकिस्तानात चगाईला स्फोट झाले, मग त्या वर्षीच्या ६ ऑगस्टला कोण चालायला आले आणि कोणाला अचानक परगावी काम निघाले, यावरून गावाला बरेच समजले. या आक्षेपाला चतुर उत्तर देऊ नये, कारण पायरीवरच्या माणसाला चतुराई आधी ओळखू येते. एवढेच करावे, की ज्या बाजूबद्दल आपल्याला मनातून माया आहे तिने मारलेल्या माणसांचा आकडाही फलकावर त्याच अक्षरांत लिहावा. याने फेरीतली चार-सहा माणसे नाराज होऊन गळतात. गळू द्यावीत. राहिलेल्यांचे म्हणणे रस्त्यापलीकडे ऐकू जाण्याची शक्यता वाढते.

फेरी गांधी पुतळ्यापाशी पोचली की सभा होते. प्रास्ताविक, मनोगते, अध्यक्षीय समारोप आणि आभार या चारांपैकी तीन टाळता आले तर टाळावेत. पायरीवरचा माणूस भाषण सुरू झाले की आत जातो, आणि नंतर आपण आपल्यालाच शांततेचे महत्त्व पटवत उभे राहतो. गर्दीच्या आकड्याची चिंता आयोजकांवर आणि वार्ताहरावर सोडावी. पोलिसांच्या गोपनीय शाखेचा हवालदार कडेला उभा राहून मोजत असतो आणि त्याची मोजणी सर्वात प्रामाणिक असते, कारण त्याला ती वाढवून काही मिळत नाही. त्याने नाव विचारले तर पूर्ण नाव सांगावे, आडनावासह.

शेवटी पाच जणांचे शिष्टमंडळ जिल्हाधिकारी कार्यालयात निवेदन द्यायला जाते. साहेब बैठकीला असतात. निवेदन महामहिम राष्ट्रपतींच्या नावे, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, असे असते आणि ते स्वीकारतो आवक-जावकचा लिपिक. हा लिपिकही पायरीवरचाच माणूस आहे, फक्त त्याची पायरी सरकारी आहे, आणि या कागदाचा तो कदाचित एकमेव खात्रीचा वाचक आहे. मजकूर त्याच्यासाठी लिहावा. तीन पाने नकोत, एक पुरे. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी, शिक्का तारखेसह उमटला आहे ना हे पाहावे, आणि विषय एका ओळीत मावेल असा ठेवावा, कारण आवक नोंदवहीत त्या रकान्याला जागा फार कमी असते.